परस्पर संमतीने घटस्फोट, पण गृहकर्जावर बहिणीचे नाव आणि वडिलांची जामीनकी : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या घटस्फोटासंबंधी, नेमके सांगायचे तर त्यातल्या कर्जाच्या भागासंबंधी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

दोघे दीड वर्षापासून वेगळे राहतात आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने अर्ज करायचे ठरले आहे. अपत्य नाही, त्यामुळे ताब्याचा प्रश्न नाही. बहिणीची नोकरी आहे आणि तिला पोटगी नको आहे. दागिने लॉकरमधून काढून, आईने जपून ठेवलेल्या पावत्यांशी पडताळून, दोन्ही घरच्या माणसांसमोर तिच्या ताब्यात आले आहेत. भांडण म्हणावे असे आता काही उरलेले नाही, आणि कदाचित त्यामुळेच मसुदा कोणी नीट वाचत नाही, अशी मला शंका येते.

अडचण सदनिकेची आहे. ती दोघांच्या नावावर असून गृहकर्जाला दोघेही सहकर्जदार आहेत. वकिलांनी केलेल्या संमतीच्या अटींच्या मसुद्यात याविषयी एकच वाक्य आहे: ‘सदर सदनिका पतीकडे राहील व उर्वरित कर्जाचे हप्ते पती भरेल.’ हे वाक्य त्या दोघांपुरते ठीक आहे, पण बँक या अर्जात पक्षकार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे, एकत्र घेतलेल्या कर्जाची पूर्ण वसुली बँक सहकर्जदारांपैकी कोणाही एकाकडून करू शकते. आपापसांत कोणी काय भरायचे ठरले आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. म्हणजे मेहुण्यांचे हप्ते उद्या थकले, तर हुकूमनामा हातात असूनही नोटीस बहिणीला येणार, आणि थकबाकीची नोंद तिच्याही पतअहवालात दिसणार. पुढेमागे तिला स्वतःचे घर घ्यायचे आहे, तेव्हा ही गोष्ट किरकोळ नाही.

खरा धक्का मात्र मागच्या आठवड्यात बसला. कर्जमंजुरीची फाइल चाळताना शेवटी जामीनपत्र निघाले आणि त्याच्या प्रत्येक पानाखाली बाबांची सही होती. विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, “तेव्हा जावई म्हणाले होते, नुसती औपचारिकता आहे.” त्याच कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बाबा निवृत्त आहेत. मसुद्यात त्यांचा उल्लेखही नाही. (मुलीचा संसार मोडत असताना स्वतःच्या सहीची चौकशी करणे त्यांना हलकेपणाचे वाटते, म्हणून ती मी करतो आहे.)

आमच्या वकिलांचे म्हणणे असे की आधी हुकूमनामा होऊ द्यावा, बँकेचे नंतर बघता येईल. मला हा क्रम उलटा वाटतो. हुकूमनामा होईपर्यंत दोघांनाही एकमेकांच्या सहकार्याची गरज आहे. तो झाल्यावर मेहुण्यांनी बँकेत खेटे का घालावेत? त्यात बहिणीचे नाव काढायचे तर बँक एकट्या मेहुण्यांचे उत्पन्न नव्याने तपासणार, आणि ते कमी पडले तर नकारही देऊ शकते. त्यापेक्षा त्यांनी एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेचे कर्ज घेऊन हे खाते बंद करावे, म्हणजे बहीण आणि बाबा दोघेही एकदमच मोकळे होतील, असे मी सुचवले आहे. त्यांनी नाही म्हटलेले नाही, पण होही म्हटलेले नाही.

कायद्यात अर्जानंतर सहा महिन्यांचा कालावधी ठेवलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात तो माफ होऊ शकतो, आणि मेहुण्यांना तशी विनंती करायची आहे. मला मात्र हे सहा महिने बँकेच्या कामासाठी हवेच आहेत. तेव्हा ‘बँकेचे नावमुक्तीचे व जामीनमुक्तीचे पत्र दाखल झाल्यावरच अंतिम जबाब नोंदवले जातील’ अशी अट मसुद्यात घालता येते का, आणि कुटुंब न्यायालयात अशी अट कोणी प्रत्यक्ष घातली आहे का?

दुसरा प्रश्न मालकीचा. तिचा हिस्सा मेहुण्यांकडे जाण्यासाठी हुकूमनाम्यातील उल्लेख पुरतो, की नोंदणीकृत हक्कसोडपत्र वेगळे करावे लागते, यावर दोन वकिलांनी दोन उत्तरे दिली. माझ्या मते, कर्जातून नाव निघण्याआधी तिने हक्क सोडणे म्हणजे घर गेले आणि कर्ज उरले असे होईल; म्हणून निदान हा क्रम तरी कोणी तपासून सांगावा.

मसुद्यावर सह्या अजून झालेल्या नाहीत. सोमवारी बँकेच्या शाखेत जाणार आहे. जामीनमुक्तीचा अर्ज बाबांनी करायचा असतो की दोन्ही कर्जदारांनी मिळून, एवढे जरी त्याआधी कळले, तरी बरोबर कोणाला न्यायचे ते ठरवता येईल.