डूख साप धरतो का माणूस?

गोदाकाठची, नांदेड:
मंडळी, एक अडचण आहे, आज रात्रीपर्यंत उत्तर पाहिजे. मोबाइलवर त्या मिनिट-मिनिटाच्या भागांच्या सिरियली येतात ना, त्यातल्या एका माफियावालीचं डबिंगसाठी मराठी करायलेय मी. पालेर्मोतल्या डॉनची पोरगी, तिच्या बापाचा ठावठिकाणा तिच्याच नवऱ्यानं दुसऱ्या टोळीला दिला, बाप गेला, हिला सगळं कळलंय तरी ही गप्प, त्याच्यासोबत जेवते, हसते आणि वाट बघते. 27व्या भागात तिची आत्या त्या नवऱ्याला म्हणते, "तिनं डूख धरलाय, दिवा लावून झोपत जा." हे माझं. पुण्याहून तपासणारे सर म्हणाले की डूख साप धरतो, माणूस सूड घेतो, बदला. आता सूड घेतला म्हणजे काम झालं, मोकळं. डूख धरला म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, तीच तर भीती आहे! माझ्या आज्जीनं चुलत जावेवर तीस वर्षं डूख धरला होता, बांधावरच्या एका आंब्यापायी, आणि दर संक्रांतीला तिला वाणही द्यायची. मी चुकले का?

पेठेतला पाहुणा:
सर बरोबर आहेत. प्रतिमा सापाचीच आहे, माणसाला लावली ती नंतर. आणि डबिंग सगळ्या महाराष्ट्रासाठी असतं, एका जिल्ह्यासाठी नाही. सूड ठेवा. फक्त बदला नको, तो अरबी.

सर्पमित्र जालना:
राहवलं नाही म्हणून लिहायलो. साप डूख धरतच नाही. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून वर्षानं घर शोधत यायचं एवढा मेंदूच नसतो त्याला. नागाच्या डोळ्यात फोटो उमटतो वगैरे सगळं सिनेमातलं. दरवेळी साप पकडला की गर्दीतला एकजण तरी म्हणतो भाऊ जोडीदार येईल की आता. डूख धरणारे मी जेवढे बघितले ते सगळे दोन पायांचे. म्हणजे शब्द माणसाचाच, सापावर ढकललाय आपण.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
ताई, आमच्याकडं याला 'दावा धरला' असंही म्हणतात. दावेदार म्हणजे वैरी, 'जन्माचा दावेदार' म्हणायची आमची आई. पण आता ते लिहू नका, पोरांना वाटेल नवरा विजेतेपदाचा दावेदार आहे. पेपरवाल्यांनी शब्दाची पार दशा केली. वचपा क्रिकेटवाल्यांनी नेला, पारिपत्य इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसलं, उट्टं शाळकरी पोरांच्या भांडणापुरतं उरलं. डूख तेवढा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, तो जपा.

पेठेतला पाहुणा:
गुरुजी, दावाही अरबीच.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
असू द्या की. दगा फारसी, फितूर अरबी, गद्दार अरबी, पाठीत खुपसतात तो खंजीरही अरबी. पाठीत खुपसायला एखादं शुद्ध मराठी हत्यार सुचवा, मी वापरतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, माझे वडील उर्दूत शिकले, जमिनीचं जुनं खासरा पत्रक काढून बघा म्हणजे कळेल. ते शब्द वगळले तर आमची जमीनही आमची राहत नाही.

पेठेतला पाहुणा:
विश्वासघात आहे ना. शुद्ध.

मोंढा नाका:
विश्वास पानिपतात गेला 🙂

वकीलताई लातूर:
फितूर मात्र जपून वापरा. कोर्टाच्या बातम्यांमुळं फितूर म्हणजे आता उलटलेला साक्षीदार एवढंच लोकांना कळतं. पण तुमच्या गोष्टीत पुढं नवरा पोलिसांकडं जाणार असेल तर एक शब्द तयार आहे, माफीचा साक्षीदार. सिसिलीत तोंड न उघडण्याचा जो दंडक आहे, ओमेर्ता, तो मोडून बोलणाऱ्याला तिकडं 'पेंतीतो' म्हणतात, म्हणजे पश्चात्ताप झालेला. 1984 मध्ये तिथल्या माफियातलाच बुशेत्ता नावाचा माणूस बोलायला लागला आणि 1986 ला पालेर्मोत तो प्रचंड खटला उभा राहिला, शेकडो आरोपी एकदम. आपल्याकडं पश्चात्ताप झाला का हे कुणी विचारत नाही, माफी मिळते, बस.

परभणीकर:
मग माफिया शब्द माफीवरूनच आलेला असणार!! निजामाच्या काळी माफीची जमीन असायची, सारा नाही, वर कुणाचा हात नाही, तोच खरा माफिया.

वकीलताई लातूर:
नाही हो. शब्द सिसिलीचा, 1863 च्या तिथल्या एका नाटकामुळं तो सगळीकडं पसरला, ते नाटक तुरुंगातल्या टोळीवर होतं. जगात जर्मनी भारतात परभणी ठीक आहे, पण सिसिली तरी सोडा.

गोदाकाठची, नांदेड:
माफियावरून आठवलं, मी मोठ्यानं वाचत होते तर आई स्वयंपाकघरातून विचारते, पोरीच्या बापाचा वाळूचा धंदा आहे का? आपल्याकडं माफिया म्हटलं की हायवा आणि गोदावरीचं पात्रच डोळ्यापुढं येतं, सूट घातलेला माणूस नाही. बरं दुसरी अडचण ऐका. शेवटी कळतं की सगळं घडवणारी ती आत्याच होती, तिनंच नवऱ्याला फूस लावलेली. तिला काय म्हणू? सूत्रधार फार नाटकी वाटतं. मी 'आका' लिहिलं तर सर म्हणाले हिंदी.

मोंढा नाका:
आका हिंदी कामून? तुर्की-फारसीतून आलाय, मालक. पण ताई नकोच तो. 2024 च्या शेवटापासून बीडच्या बातम्यांत एवढा आका आका झाला की आता मराठवाड्यात कुणी आका म्हटलं तर लोक इटलीकडं नाही, टीव्हीकडं बघतात. आणि बाईला आका म्हणतात का?

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
बोलविता धनी म्हणा. तुकोबांचा शब्द.

पेठेतला पाहुणा:
गाथेत 'शिकविता धनी वेगळाची' आहे गुरुजी. साळुंकीचा अभंग. 'बोलविता' लोकांनी केलं.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई:
लोकांनी केलं ना? मग मघापासून मी दुसरं काय सांगायलो?

पेठेतला पाहुणा:
लोकांनी केलं म्हणजे बरोबर झालं असं नाही. आणि धनी पुल्लिंगी, इथं आत्या आहे.

सर्पमित्र जालना:
धनीण म्हणा.

मोंढा नाका:
धनीण म्हटलं की मला लुगडं नेसलेली पाटलीणबाई दिसते, पालेर्मोची आत्या नाही दिसत.

परभणीकर:
हायवा हा शब्द कुठून आला पण? आमच्या गावात लहान पोरंही म्हणतात.

वकीलताई लातूर:
टिप्पर उचलायचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नाव ते, मूळची हॉलंडची. डालडासारखं झालं, कोणताही टिप्पर दिसला की हायवा.

गोदाकाठची, नांदेड:
भाग गेला सकाळी. सरांनी 'ती तुझा बदला घेईल' केलं. सूड पण नाही, बदला! त्या बाईनं माइकपुढं इतक्या जोरात म्हटलंय की नवरा त्याच रात्री पळून जायला पाहिजे, आणि अजून तर 40 भाग आहेत. आत्याचा निकाल लागायचाय, सुचवत राहा.

हिंगोलीचा:
आत्ता वाचलं सगळं. एक शंका, आमच्याकडं डूख धरली म्हणतात, ती डूख. तुम्ही सगळे 'धरला' कामून लिहायलात?