नवशिका आणि वस्ताद यांच्या मधल्या ड्रायव्हरला काय म्हणायचं?

आमच्या घरात गेले दोन महिने एका शब्दावरून तिढा पडलाय, म्हणून इथे विचारते.

बाबा सांगलीहून हळद, बेदाणा, कधी गूळ भरून वाशी मार्केटला जातात. स्वतःची दहा टायरी गाडी आहे, स्टिअरिंगवर ३५ वर्षं गेली. धाकटा भाऊ दीड वर्षापासून त्यांच्याबरोबर आहे. लायसन झालं, गाडी चालवतो, गोडाऊनला मागं लावतो, ताडपत्री ओढून रस्सी कसतो. तरी कुणी विचारलं की बाबांचं ठरलेलं उत्तर, "शिकतोय अजून." भाऊ ताटावरून उठतो. आईची अडचण वेगळी आहे. त्याच्यासाठी स्थळं बघायचीत आणि 'शिकाऊ ड्रायव्हर' सांगितलं तर पोरगी कोण देणार? 'पक्का ड्रायव्हर' म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठी पडते.

शब्द शोधायला बसले तर एका टोकाला ढीग: नवशिका, नवखा, शिकाऊ, कच्चा, होतकरू. दुसऱ्या टोकालाही ढीग: वस्ताद, तरबेज, निष्णात, मुरब्बी, कसलेला, सराईत. मधल्या माणसाला मात्र शब्द सापडेना. जो नवशिका उरलेला नाही आणि वस्तादही झालेला नाही, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तो नवशिका राहिला नाही हे कशावरून ठरतं?

* * *

ताई, पहिल्या ढिगातले शब्द आधी वेगळे करून घेऊ. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण ते तसे नाहीत.

नवशिका म्हणजे ज्याला कामच नवं आहे. नवखा म्हणजे ज्याला जागा किंवा प्रसंग नवा आहे. लातूर-सोलापूर पट्ट्यात २० वर्षं गाडी मारलेला माणूस पहिल्यांदा आंबा घाटात उतरला तर तो तिथे नवखा असतो, पण त्याला नवशिका म्हटलं तर चूक होईल आणि त्याचा अपमानही होईल. शिकाऊ हा दर्जा झाला, तो कागद देतो. होतकरू शब्दात माणसाच्या उमेदीचं कौतुक आहे, कामाचं मोजमाप नाही.

तुमचा भाऊ आता नवशिका नसेल, पण काही रस्त्यांना अजून नवखा असेल. बाबांच्या मनात कदाचित तेच असावं.

* * *

कागदावरचा हिशेब सांगतो. परिवहन खातं 'शिकाऊ अनुज्ञप्ती' आणि 'पक्की अनुज्ञप्ती' म्हणतं, आपण कच्चं लायसन आणि पक्कं लायसन. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहू गाडीसाठी २० वर्षं पूर्ण लागतात आणि हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर जवळ असल्याशिवाय ट्रकचं शिकाऊ लायसन मिळत नाही. ते शिकाऊ लायसन ६ महिने चालतं, पण ३० दिवस झाले की पक्क्यासाठी परीक्षा देता येते. म्हणजे महिनाभरात कच्च्याचा पक्का! २०२१ साली केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले, त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तुमच्या बाबांच्या सांगली-वाशी-सांगली दोन खेपांना याहून जास्त वेळ लागत असेल.

'पक्का' हा शब्द मूळ 'पक्व'वरून आला. पिकलेलं, शिजलेलं, भाजून निघालेलं ते पक्कं. वीट भट्टीतून काढल्यावर पक्की होते. लायसन पक्कं झालं म्हणजे माणूस पक्का झाला असं नाही, हे तुमच्या बाबांना आतून माहीत आहे, म्हणून ती आठी.

* * *

माझं लहानपण हायवेच्या कडेच्या गॅरेजात गेलं, म्हणून दोन शब्दांवर जरा सविस्तर लिहितो.

पहिला किन्नर. क्लीनरचा आपल्याकडे कधीच किन्नर झाला, कुठे किलिंडर झाला. देवलोकातल्या गायकांशी किंवा हल्ली तृतीयपंथीयांसाठी वापरतात त्या शब्दाशी त्याचं नातं नाही. 'क्ली' तोंडात बसत नाही, म्हणून 'किन्नर'. आणि या माणसाने गाडीवर बोलीची अख्खी दिशा बदलून टाकली आहे. ट्रकवर कुणी डावी-उजवी म्हणत नाही. ड्रायव्हर साईड आणि किन्नर साईड. "किन्नर साईडचा आरसा बघ", "किन्नर साईडचं मागलं टायर बसलंय." उंच केबिनमधून डाव्या दाराला खेटून चाललेली दुचाकी ड्रायव्हरला दिसत नाही. ती किन्नर बघतो आणि खिडकीतून हात काढून पत्र्यावर तळहाताची थाप मारतो. चढावर गाडी थांबली तर उडी टाकून चाकामागं दगड लावणाराही तोच. ड्रायव्हरचं अर्धं अंग म्हणजे किन्नर.

दुसरा शब्द वस्ताद. फारसी 'उस्ताद' म्हणजे गुरू, त्याचं आपलं मराठी रूप वस्ताद. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे तो तालमीतला. मैदान मारलेला प्रत्येक पैलवान वस्ताद होत नाही, पोरं घडवणारा वस्ताद होतो. गाडीवर किन्नर ड्रायव्हरला वस्ताद म्हणतो तो याच अर्थाने. कौशल्य कितीही असो, किन्नर साईडला शिकणारं कुणी बसलेलं नसेल तर त्या केबिनमध्ये वस्ताद नाही. हल्ली पगार परवडत नाही म्हणून कितीतरी गाड्यांवर एकटाच ड्रायव्हर असतो, शिकायला कुणी येत नाही. मला या गोष्टीची फार काळजी वाटते. शिकाऊ आणि वस्ताद हे एकमेकांमुळे आहेत. केबिनमधून एक उतरला की दुसराही हळूहळू बोलीतून जाणार.

मुरब्बीचंही तसंच आहे. मूळ अर्थ पालनकर्ता, पाठीराखा. मराठीत तो 'अनुभवी' झाला. 'मुरणे' हे आपलं क्रियापद शेजारी असल्याने अर्थ तिकडे सरकला असावा असं मला वाटतं, पण मूळ अर्थात दुसऱ्याला सांभाळणं आहे.

* * *

'सराईत' सुचवणाऱ्यांना विनंती, नको. सरावलेला तो सराईत, अर्थ अगदी चोख आहे. पण वर्तमानपत्रांनी 'सराईत गुन्हेगार' लिहून लिहून तो शब्द पोलीस चौकीत नेऊन बसवलाय. "मुलगा सराईत ड्रायव्हर आहे" असं सोयरिकीत सांगून बघा.

* * *

आम्ही शेतकरी, म्हणून माझं डोकं बैलाकडे जातं. आमच्याकडे मधल्या पायऱ्यांना शब्द आहेत. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, मग दात जुळले की जुळलेला. बाजारात खोंडाचा जबडा उघडून बघतात आणि सांगतात. बैलाला 'शिकतोय अजून' म्हणून कुणी टांगून ठेवत नाही. माणसांच्या कामाला अशा पायऱ्या आपण का नाही ठेवल्या? पूर्वी 'उमेदवारी' होती. वकिलाकडे, सोनाराकडे, कचेरीत उमेदवारी करायची. पण उमेदवार आता मतं मागायला येतो.

आणखी एक. 'धुरंधर' आणि 'धुरीण' हे आज पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शब्द गाडीचेच आहेत. धुर् म्हणजे जू, ते खांद्यावर घेणारा धुरंधर. आमच्याकडे शर्यतीत छकडी हाकणाऱ्याला आजही धुरकरी म्हणतात. 'निष्णात'मध्ये स्नान आहे, 'प्रवीण'मध्ये वीणा आहे असं सांगतात. ओझं ओढण्याचा मान फक्त धुरंधराला. तुमच्या बाबांना हा शब्द शोभेल.

* * *

मला एका उलट्या शब्दाची आठवण करून द्यायची आहे: निर्ढावलेला.

सरावणं आणि निर्ढावणं शेजारी शेजारी राहतात. नवशिका घाबरून चालवतो, म्हणून तो बराच काळ जपून असतो. धोका त्याच्या पुढच्या वळणावर आहे, जिथे भीती गेलेली असते आणि समज आलेली नसते. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा नवशिका नसतो, नवशिक्याची तेवढी छाती होत नाही. ते करतो हा मधला. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर भरल्या गाड्यांनी किती संसार चिरडले ते पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गिअर काढला की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. ट्रकचे ब्रेक टाकीतल्या हवेच्या दाबावर चालतात, वर घाबरून पॅडल पुन्हा पुन्हा दाबलं की ती हवा उतरते. जुनी माणसं एका वाक्यात शिकवायची: ज्या गिअरला चढायचं, त्याच गिअरला उतरायचं.

मला विचाराल तर खूण साधी आहे. नवशिका उतारावर स्पीडचा काटा बघतो. ज्याची नजर आपोआप हवेच्या काट्यावर, म्हणजे ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर जाते, तो नवशिका राहिला नाही. त्याला शब्द कोणताही द्या, पण त्या शब्दात निर्ढावल्याचा वास येऊ नये.

* * *

मराठी ही जागा नामाने भरत नाही, क्रियापदाने भरते, असं माझं मत आहे. "हात बसलाय त्याचा." "गाडी अंगवळणी पडली." हे सगळं मधल्याबद्दलच आहे. हात बसणे, मग हात साफ होणे, मग हातखंडा होणे. पुढे ग्रांथिकात सिद्धहस्त. चढता क्रम आहे बघा आणि सगळा हाताचा. आईंना सांगा, स्थळाला म्हणायचं, "गाडीवर हात बसलाय." त्यात खोटं नाही आणि कमीपणाही नाही.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. वस्ताद आणि तालमीचं ऐकून त्यांनी मान डोलावली, धुरंधरला मात्र हात झटकला. हवेच्या काट्याचं पुन्हा वाचायला लावलं.

मी पनवेलला नोकरीला आहे. परवा रविवारी गाडी वाशीला निघाली होती, तिच्यातूनच गेले. भाऊ स्टिअरिंगवर, बाबा किन्नर साईडला, मी मागच्या बाकड्यावर. मला तिथून बाबांचा पाय दिसत होता. खरं सांगते, तो मी आधी कधी बघितलाच नव्हता. पुढं एखादी गाडी आडवी आली की बाबांचा उजवा पाय चपलेसकट खालचा पत्रा दाबायचा. तिथे ब्रेक नाही, काही नाही. नुसता पत्रा. चप्पल आणि पत्र्याचा करकर आवाज यायचा. बोगद्यापुढच्या उतारावर चार-पाच वेळा आला. भावानेही तो ऐकला असणार, पण तो काही बोलला नाही.

खंडाळ्याला चहा झाला. घाट उतरायच्या आधी भावाने गाडी कडेला घेतली, खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन ब्रेक तापलेत का बघितलं, वर आला, हवेच्या काट्याकडे बघितलं आणि खालच्या गिअरला गाडी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन घोंघावत होतं, मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, त्याने वेग वाढवला नाही. मी बाबांच्या पायाकडे बघत होते. अर्ध्या घाटात त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली.

खोपोलीच्या खाली अडत्याचा फोन आला. बुधवारी दुसरी खेप आहे, तुम्हीच येणार ना, असं तो विचारत असावा. बाबा म्हणाले, "मी कशाला? पोरगं हाताशी आलंय की आता."

भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. आईला मी पनवेलला उतरल्या उतरल्या फोन केला.