पितळेच्या देवीचा चेहरा पार झिजलाय, घासायची की तशीच ठेवायची?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. सासूबाईंना आता रोजची पूजा झेपत नाही म्हणून त्यांच्या देवघरातले देव माझ्याकडे आलेत. एक रांगता बाळकृष्ण, एक घंटा आणि एक बसलेली देवी, सगळं पितळेचं आणि बरंच जुनं. देवीचे नाकडोळे जवळजवळ गेलेत, हातात काहीतरी आडवं धरलंय एवढंच कळतं. त्यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात, नवरा म्हणतो लक्ष्मी, नणंद म्हणते अन्नपूर्णा, आणि सासूबाई म्हणतात "माझ्या सासूबाईंच्या वेळची आहे, देवी आहे, झालं". मूर्तीवर मधेमधे गुलाबी डाग आहेत आणि कानाशी, आसनाच्या खाली हिरवं धरलंय. इतकी वर्षं दर सणाला चिंच-मीठ नाहीतर लिंबू आणि वरून रांगोळीने घासायची पद्धत होती. शेजारच्या काकू म्हणतात झिजलेली मूर्ती देवघरात ठेवू नये, नदीत सोडा आणि नवीन आणा. माझ्या तर जिवावर आलंय. कुणाला माहिती असेल तर सांगा, ही देवी कोण आणि हिचं करायचं काय?

तांबटपोर:
ताई, आधी हात मोजा. चार हात आणि वरच्या दोन हातांत कमळं असतील तर लक्ष्मी, दोन्ही बाजूंना हत्ती असतील तर गजलक्ष्मी. दोनच हात, दोन्ही पुढे मांडीपाशी आणि त्यात आडवी लांब पळी असेल तर डोळे झाकून अन्नपूर्णा. आपल्याकडच्या लग्नात वधू गौरीहर पुजते आणि तिथली अन्नपूर्णा सासरी घेऊन येते, बरेच जण तिच्याबरोबर बाळकृष्णही देतात, त्यामुळे तुमची जोडी बघता ही आजेसासूबाईंच्या माहेरची असणार असं मला तरी वाटतं. सासूबाईंना विचारा देवी आधी तांदळाच्या वाटीत बसवायचे का. हो म्हणाल्या तर नणंद जिंकली.

आता चेहराच का गेला आणि पळी का राहिली? पितळ काही लोखंडाएवढं कडक नसतं. नाक, कपाळ, मुकुटाचं टोक हे सगळं बाहेर आलेलं, रोज गंध लावताना पुसताना अंगठा तिथेच फिरतो आणि सणाला रांगोळीचा सगळा जोरही तिथेच. पळी मांडीच्या खोलगट भागात, तिथे बोट पोचतच नाही. बाळकृष्णाचं पण बघा, उजव्या हातातला लोण्याचा गोळा आता नुसता गुळगुळीत गुंडा राहिला असेल. जुन्या घरातले देव चेहऱ्यावरून कमी आणि हातातल्या वस्तूवरून, बसण्यावरून जास्त ओळखले जातात, म्हणून तेवढं तरी यापुढे जपा.

आणि कृपा करून दुकानात पॉलिशला देऊ नका. ते बफच्या चाकावर धरतात, दोन मिनिटांत सोन्यासारखी करून देतात खरी, पण उरलेली पळी पण घेऊन जातात.

रसायनवाली:
डागांचं मी सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा काळा थर विरघळवतं हे खरं, पण जास्त वेळ ठेवलं की पितळेतलं जस्त आधी बाहेर निघतं आणि वर तांबं उरतं, तोच तुमचा गुलाबी डाग. त्यात मीठ असेल तर अजून वाईट, कारण मिठातलं क्लोराइड कानामागे, आसनाखाली अडकून बसतं, हवेतली ओल मिळाली की हिरवं धरतं, आणि आपल्याला वाटतं मूर्ती अस्वच्छ झाली म्हणून आपण परत चिंच-मीठ लावतो.

सगळं हिरवं मात्र मिठाचं नसतं. समईच्या वाटीत हिरवा चिकटा साठतो तो तेलातली आम्लं आणि तांबं मिळून होतो. देवांना तेल चोपडून ठेवणाऱ्यांकडे पण तसंच होतं, वर धूळ बसते ती वेगळीच. त्याला आंबट काही लागत नाही, कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो.

मी करते ते असं: रिठ्याचं पाणी किंवा अगदी सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, खाचेत बांबूची काडी (सुई, तारेची घासणी अजिबात नाही), मग भरपूर साधं पाणी आणि सुती फडक्याने लगेच कोरडं. कोरडं करणं हेच खरं काम आहे, लोक नेमकं तेच विसरतात. पंचामृताच्या दिवशी तर नक्कीच, दही आंबट आणि मध चिकट, दोन्ही खाचेत राहतात. गुलाबी डाग एका दिवसात घालवायच्या नादी लागू नका, हळूहळू रंग सारखा होत जातो.

शांतमामा:
आमच्याकडे तीन पिढ्या चिंचेनेच घासतात, काही झालं नाही. देव लख्ख दिसले पाहिजेत, काळवंडलेल्या देवाची कसली पूजा? हल्ली प्रत्येक गोष्टीत केमिस्ट्री घुसडायची सवय झालीये.

तांबटपोर:
मामा, राग नको, पण तुमच्या देवांचा जुना फोटो असेल तर आत्ताच्या फोटोशेजारी धरून बघा. रोज वापरातल्या मूर्तीला जो मऊ पिवळट तांबूस रंग येतो तो मळ नव्हे. काजळी काढा, कापराचा धूर काढा, कुंकवाचा थर काढा, पण धातू खरवडून दरवेळी नवीन पितळ दिसलंच पाहिजे हा हट्ट सोडा एवढंच म्हणणं आहे.

पोथीवाला:
शास्त्राचं विचाराल तर भागवताच्या अकराव्या स्कंधात मूर्तीचे आठ प्रकार दिलेत, दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. आणि तिथेच पुढे आहे की लेपाच्या आणि चित्रातल्या मूर्तीला स्नान नको, नुसतं पुसून घ्या. म्हणजे मूर्ती कशाची आहे ते बघून उपचार ठरवायचा हे जुनंच आहे मामा, केमिस्ट्रीवाल्यांनी काढलेलं नाही. धातूला स्नान आहेच, पण स्नान म्हणजे घासणं नव्हे. पंढरपूरला तर पाषाणाचा विठोबा, त्याचीही झीज होते म्हणून लेप द्यावा लागला, पितळेची काय कथा. रोज ओल्या फडक्याने पुसा आणि अभिषेक सणावारी ठेवा, माझ्या मते एवढं पुरे.

विसर्जनाबद्दल. झिजणं वेगळं आणि भंगणं वेगळं. हात तुटला, मान तुटली तर पूजेतून काढतात, तेही बरेच जण कारागिराकडून झाळून घेऊन परत पूजेत ठेवतात. झिजलेल्या देवाचं म्हणाल तर टाकांचं, म्हणजे पत्र्यावर ठसवलेल्या छोट्या देवांचं उदाहरण घ्या, खंडोबाचे टाक झिजले की लोक उजळून घेतात, जेजुरीला नेऊन देव भेटवून आणतात, आणि सगळेच काही उजळत नाहीत, कित्येक घरांत सपाट झालेले टाक तसेच पूजेत असतात. पितळ नदीत विरघळत नाही, ते तळाशी पडून राहणार नाहीतर कुणीतरी काढून भंगारात देणार. काकूंना हे सांगून बघा.

उगाच_एक:
थोडं विषयांतर, पण पितळेचा नटराज घरात ठेवला की भांडणं होतात म्हणतात ते खरं का? एक भेट आलाय, कपाटात पडून आहे. खाली "पंचधातू" असं लिहिलंय.

पोथीवाला:
एका हातात डमरू म्हणजे निर्मिती, दुसऱ्यात अग्नी म्हणजे संहार, तिसरा हात अभय देतोय, चौथा उचललेल्या पायाकडे बोट दाखवतोय, आणि पायाखाली अपस्मार म्हणजे अज्ञान. यात भांडण कुठे आलं? स्वित्झर्लंडमधल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या आवारात २००४ पासून भारताने दिलेला दोन मीटर उंच नटराज उभा आहे, तिथलं काम काही थांबलं नाही. पंचधातूचं म्हणाल तर भेटवस्तूंवर ते बहुतेक नावालाच असतं, आत पितळच.

रसायनवाली:
आणि नवीन असेल तर त्यावर पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर असणार. त्याला काहीच लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, ज्वाळांच्या कड्यात ती फार बसते. लॅकर असलेल्या मूर्तीवर गरम पाण्याने अभिषेक केला की ते जागोजागी सुटतं आणि चट्टे पडतात.

चाफेकळी:
सासूबाईंना विचारलं, तांदळाच्या वाटीतच बसवायचे!! हात पण दोनच आहेत. नणंद जिंकली, नवरा अजून मानत नाहीये तो भाग वेगळा. एक राहिलं, हिरवं आसनाच्या खालीच सगळ्यात जास्त का?

रसायनवाली:
ओली मूर्ती तशीच तांदळात बसवत असणार, पुसली तरी बुडाखालची खाच ओली राहते. पोकळ मूर्ती असेल तर उलटी करून आतलं पाणी पण काढा. तांदूळ दमट झाले की लगेच बदला, आणि मधल्या काळात बांधून ठेवायची वेळ आली तर सुती कापडात गुंडाळा, लोकरीत नको आणि रबरबँड तर नकोच, त्यातल्या गंधकाने काळा पट्टा उमटतो.

तांबटपोर:
आणि १०० वर्षांच्या वरची असेल असा खरंच संशय असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या कुणा नातेवाइकाने मागितली तर आधी ते बघा.