शाळेसमोर कॅमेरा की गतिरोधक? अनुभव लिहा, मापासकट

खडीडांबर: शाळा उघडल्या, पुन्हा "गेटसमोर कॅमेरा लावा"चे अर्ज सुरू. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या मालकाला, तेही मागाहून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 167अ प्रमाणे नोटीस 15 दिवसांच्या आत. मूल मात्र आत्ता रस्त्यात असतं. कोरड्या रस्त्यावर, भान यायला एक सेकंद धरला तर 30 च्या वेगातली गाडी साधारण 13 मीटरवर थांबते, 50 ची 28 वर. वेग रस्त्यानेच पाडायला हवा.

ओळंबा: आयआरसी 99 (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) मधला गोल गतिरोधक घ्या. गाडीच्या दिशेने 3.7 मीटर, मध्ये उंची 10 सेंमी. 25 ने गाडी आरामात जाते. पाटी 40 मीटर आधी. रातोरात घातलेला अरुंद उंचवटा नकोच, बस आपटते. दुचाक्या कडेच्या फटीतून काढतात, आणि मुलं तिथूनच चालतात!!

सुमा_ताई: ती फट पाणी जायला ठेवतात हो. त्यापेक्षा खालून पाइप, तोंडाला जाळी. मेमध्ये गाळ काढला नाही की डबकं ठरलेलं.

खडीडांबर: +१. रबरी तुकडे जोडून केलेल्या गतिरोधकाचं काय?

ओळंबा: जड वाहनं असतील तिथे नको. बोल्ट ढिले होतात, तुकडा उडतो, बोल्ट वर तसाच.

पट्टेवाला: झेब्रा थर्मोप्लास्टिकचाच (गरम करून अंथरायचा जाड रंग), 2.5 मिमी. रात्री चमकायला काचेचे मणी, ते थर गरम असतानाच शिंपडायचे, गार झाल्यावर चिकटत नाहीत. डांबर ओलं किंवा धुळकट असेल तर पापुद्रे निघतात.

सुमा_ताई: आणि गेटसमोरच्या व्हॅन हलवा आधी! दुसरीतलं पोर बॉनेटच्या आडून दिसतच नाही. गेटसमोर रेलिंग हवं, म्हणजे पोरं धावत सरळ रस्त्यात येत नाहीत, वळून झेब्र्याकडे जातात. आरएसपीच्या (शाळेचं रोड सेफ्टी पेट्रोल) मुलांना फुटपाथवरच ठेवा, गाड्या मोठ्या माणसाने अडवायच्या.

घाटरस्ता: कॅमेऱ्याला सरसकट नावं नका ठेवू. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालू देत नाहीत, तिथे शाळा असेल तर भुयारी मार्ग आणि कॅमेरा दोन्ही मागा. कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं लागतं, तेही विचारा.

निमा: व्हॅनचं भाडं कुणाकडे वाढलंय का यंदा?

सुमा_ताई: वाढलंय गं. व्यनि (खासगी निरोप) करते.

पट्टेवाला: अर्ज देण्याआधी रस्ता कुणाचा ते बघा, नगरपालिकेचा की बांधकाम खात्याचा. चुकीच्या टेबलावर गेला की पावसाळा तिथेच संपतो. रस्ता क्रमांक, किलोमीटर दगड आणि शाळा सुटतानाचा फोटो जोडा.