शाकेन आयमानोव्ह म्हणे नटच नव्हता!

तिसरी घंटा
परवा इथल्या एका लेखात कझाक नट-दिग्दर्शक शाकेन आयमानोव्हबद्दल वाचलं, 'आयमानोव्ह हा नट नव्हे, सोव्हिएत सरकारचा बाहुला. अल्माटीच्या फिल्म स्टुडिओला त्याचं नाव आहे, म्हणून तो थोर.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, स्टुडिओला नाव १९८४ साली मिळालं. माणूस १९७० सालीच गेला. त्याआधीचं काय? कझाकस्तानातल्या बायानाऊलचा पोरगा, जन्म १९१४. सेमिपलातिन्स्कला शिकत होता, तिथून नाटककार गाबित मुसिरेपोव्हने त्याला १९३३ साली अल्माटीच्या कझाक नाट्यगृहात आणला. ते नाट्यगृहच तेव्हा जेमतेम सात वर्षांचं. पाठीशी घराणं नाही, परंपरा नाही, आणि हा मुसिरेपोव्हच्याच नाटकात खलनायक कोदार करतो. ऐन युद्धात, १९४३ साली, शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू' कझाक भाषेत उभं राहिलं. बसवायला मॉस्कोचे पिझोवा आणि बिबिकोव्ह. खदिशा बुकेयेवा कॅथरिना, हा पेत्रुकिओ. तेव्हा मॉसफिल्म आणि लेनफिल्म हे दोन्ही स्टुडिओ अल्माटीला हलवलेले, दिग्दर्शक आइझेनस्टाइन तिथेच 'इव्हान द टेरिबल' चित्रित करत होता. असल्या गावात कच्चा नट टिकतो होय?

पिटातला
तो लेख माझाच. घंटा वाजवून झाली असेल तर पडदा वर करा.

तुम्ही भूमिकांची यादी दिलीत, अभिनयाबद्दल एक वाक्य नाही. १९४३ सालचा पेत्रुकिओ तुम्ही पाहिलात? मीही नाही. पाहता येतो तो 'झांबुल', १९५२ सालचा. ज्या शाहिराने स्तालिनचे पोवाडे गायले त्याच्यावरचा सिनेमा, तोही स्तालिन जिवंत असताना! अडतिशीतला नट दाढी चिकटवून म्हातारा होतो. नाटकवाल्यांची जुनी खोड: आवाज थरथरला, पाठ वाकली, झालं म्हातारपण. १९५९ साली 'सोव्हिएत संघाचा लोककलावंत' हा किताब मिळाला, तो कशाबद्दल ते कळलं का आता?

आमच्या गावच्या गॅदरिंगला एक सर दर वर्षी भीष्म करायचे. तेही असेच थरथरत. किताब मात्र त्यांना कोणी दिला नाही.

तिसरी घंटा
भीष्म काढलात म्हणजे मुद्दे संपले.

'झांबुल'चं मान्य, त्या सिनेमाची भाट म्हणून बाजू मी घेणार नाही. पण १९६४ सालचा 'अल्दार कोसे' पाहा. 'कोसे' म्हणजे ज्याला दाढी उगवत नाही तो. बायांना, म्हणजे तिकडच्या श्रीमंत कळपवाल्यांना, गंडवणारा लोककथेतला भामटा. दिग्दर्शक हाच, अल्दारही हाच, वय पन्नास. चिकटवायला दाढीच नाही! डोळ्यांच्या कडेने हसतो तो माणूस. आता यात भीष्म शोधा.

चिंचगूळ
दोघेही थोर आहात, पण खरी मेख बाजूलाच राहिली. १९६८ सालचा 'एंजल इन अ स्कलकॅप', म्हणजे आपला टोपीवाला देवदूत. औलातली, म्हणजे कझाक खेड्यातली, आई लग्नाच्या लेकासाठी मुलगी शोधत शहरात येते. अमिना उमुर्झाकोवाने ती आई काय रंगवली आहे! पण बोलते कुठल्या भाषेत? रशियन! ज्या माणसाने शेक्सपिअर कझाकमध्ये बोलला, त्याने खेड्यातल्या आईला रशियन बोलायला लावावं? हा त्याचा खरा गुन्हा. स्तालिन वगैरे राहू द्या.

अल्माटी रिटर्न
चिंचगूळ, एमबीबीएससाठी सहा वर्षं अल्माटीत काढली आहेत, म्हणून बोलतो. आमची घरमालकीण कझाक. नवऱ्याशी रशियन, मुलांशी रशियन, आम्हाला ओरडायचं तर खणखणीत रशियन. गावाकडून आईचा फोन आला की आवाज एकदम मऊ आणि भाषा कझाक. आम्ही चोरून ऐकायचो. त्या सिनेमातलं शहर तसंच आहे. लोक खरंच तसं बोलत असतील तर त्यात दिग्दर्शकाचा काय गुन्हा?

चिंचगूळ
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत. ती आईशी कझाक बोलायची ना? सिनेमात तर आईच रशियन बोलते!

आणि हे तिकडचंच कशाला? माझी भाची कोथरूडात वाढली. आजी म्हणते 'कोथिंबीर निवड', ही विचारते 'व्हिच वन इज दॅट?' पंधरा वर्षांनी तिच्यावर कोणी सिनेमा काढला तर आजीलाही इंग्रजीच बोलायला लावतील.

पिटातला
+१. पहिल्यांदाच कोणी शहाणं बोललं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरती रोमन लिपीत छापून वाटतात.

तिसरी घंटा
आरती?? धागा आयमानोव्हवर आहे!

अल्माटी रिटर्न
चिंचगूळताई, भाची तुमची, राग आयमानोव्हवर काढताय. 'अवर डिअर डॉक्टर' (१९५७) त्याचाच. गाणी झात्सेपिनची, पुढे दिग्दर्शक गायदाईच्या विनोदी सिनेमांना संगीत देणारा तोच. त्यातलं एक गाणं आमची मालकीण भांडी घासताना गुणगुणायची, रशियनमध्येच. तिला त्यात परकं काही वाटत नव्हतं. पुण्यात बसून तिच्या वतीने तुम्ही का दुखावून घेताय?

चिंचगूळ
मी पुण्यात नाही, साताऱ्यात आहे. आणि दुखतं ते माझं मला दुखतं, परवानगी नको.

पिटातला
शनिवारी आयमानोव्हचा 'लँड ऑफ द फादर्स' (१९६६) पाहिला. पटकथा कवी ओल्झास सुलेमेनोव्हची. युद्धात लेनिनग्राडकडे पडलेल्या मुलाची हाडं पितरांच्या मातीत आणायला म्हातारा नातवाला घेऊन रेल्वेने निघतो. म्हातारा येलुबाय उमुर्झाकोव्ह. त्याची पाठ वाकलेली नाही, आवाज थरथरत नाही. डब्यात नुसता बसलेला असतो आणि बघवत नाही. माझे आजोबा काकांच्या अस्थी घेऊन नाशिकला निघाले तेव्हा मी सोबत होतो, दहा वर्षांचा. एसटीत पूर्ण वेळ पिशवी मांडीवर. वर ठेवा म्हणून कंडक्टरने दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलंच नाही.

तेव्हा ठीक आहे, आयमानोव्हला अभिनय कळत होता. निदान दुसऱ्याकडून करून घेता येत होता. 'झांबुल' मात्र माफ नाही.

तिसरी घंटा
एवढं तरी कबूल केलंत, मंडळ आभारी आहे. पुढे त्याच्या हाती चारच वर्षं उरली होती. 'द एंड ऑफ द अतामान' केला, असानाली अशिमोव्हला नायक चाद्यारोव्हची भूमिका दिली, आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला मॉस्कोत गाडीची धडक बसून गेला. वय ५६.

चिंचगूळ
वाईट झालं खरंच. पण तो 'अतामान' कुठल्या भाषेत आहे, ते कोणी सांगणार आहे का?