गुणतक्त्यात पहिला येणाराच विजेता का नको?

डिचोलीकर:
डिचोलीहून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला दीड तास लागतो, तरी घरची मॅच मी चुकवत नाही. इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या २०१९-२० मोसमात आपला एफसी गोवा गुणतक्त्यात पहिला, म्हणून पहिल्या संघाची लीग शील्ड आपली. मग करंडक ठरवणाऱ्या प्लेऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीत चेन्नईत ४-१ हरलो, फातोर्ड्याला ४-२ जिंकलो, आणि एकूण ६-५ ने बाहेर. अख्ख्या मोसमाची मेहनत दोन रात्रींत गेली. परतताना वडील बाणस्तारीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग साखळी सामने खेळायचेच कशाला?

फोंड्याचा प्रेक्षक:
बाब, त्याच शील्डमुळे आपण २०२१ मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळलो, भारतातला पहिला क्लब. शील्डचा मान मोठाच आहे. पण प्लेऑफ हवाच. २०२२-२३ पासून सहाव्या संघालाही संधी मिळू लागली, म्हणून शेवटपर्यंत स्टँड भरले.

म्हापसेकर:
मला फॉरमॅटपेक्षा करार खुपतात. २०२० मध्ये आपले आधीचे प्रशिक्षक लोबेरा मुंबई सिटी संघाकडे गेले. आपले परदेशी खेळाडू बुमूस, जाहू, फॉल आणि आपला मंदार राव देसाईही तिकडेच. पुढच्याच मोसमात मुंबईने शील्ड आणि करंडक दोन्ही नेले. पगारावर मर्यादा असूनही घडी बसलेला संघ असा उचलता येतो.

डिचोलीकर:
हे पटलं. ४८ गोल करणारा स्पॅनिश खेळाडू कोरोही त्याच वर्षी गेला. परदेशी खेळाडू जाणारच, पण २०२४ मध्ये आपला गोंयकार ब्रँडन फर्नांडिसही मुंबईला गेला तेव्हा फार लागलं. गोंयच्या पोरांना तरी लांब मुदतीचे करार द्या, पैसा आधी तिथे घाला. प्लेऑफबद्दल माझं मत मात्र तेच.