पावसात हौशी ड्रिफ्टिंग पाहायला भाच्याला न्यावे का? सल्ला हवा

धुळेकर मामा:
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी जळगावजवळ एका जिनिंगच्या आवारात काही हौशी तरुणांनी मोटारींच्या ड्रिफ्टिंगचा, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत नेण्याचा, कार्यक्रम ठेवला आहे आणि माझा एकोणीस वर्षांचा भाचा आठ दिवसांपासून त्यासाठी मागे लागला आहे. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असल्याने ते काँक्रीटचे आवार सध्या रिकामे आहे. पण आठवडाभर झड लागलेली असताना तिथे जाणे शहाणपणाचे आहे का, हे कळत नाही. पावसामुळे कार्यक्रम रद्द होतो का, उभे कुठे राहावे आणि सोबत काय न्यावे, हे जाणकारांनी सांगावे. भाच्याला बहिणीची स्विफ्टही तिथे फिरवायची आहे, ते दुखणे वेगळेच.

चोपड्याचा वाचक:
मामा, पावसात जाऊच नये. कोरड्यात निदान टायरांचा धूर तरी दिसतो.

भुसावळ गॅरेज:
मामा, पावसामुळे असे कार्यक्रम सहसा रद्द होत नाहीत, उलट नवशिक्यांना पाऊस सोयीचाच पडतो. मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरायची आणि ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी आडवीच पुढे न्यायची, असा हा प्रकार आहे. कोरड्या काँक्रीटवर त्याला वेग आणि इंजिनाची ताकद दोन्ही लागतात, शिवाय मागचे टायर थोड्याच फेऱ्यांत गोटा होतात. ओल्यावर तीच गाडी कमी वेगात सुटते आणि जुन्या टायरांची जोडी दिवसभर पुरते. आपल्याकडच्या मुलांजवळ जिप्सी, ओम्नी, क्वचित एखादी जुनी कॉन्टेसा असते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर जातो म्हणून या गाड्या निवडतात. पण ओम्नीचे इंजिन ते केवढे, त्यामुळे तिचा मालक पावसाचीच वाट पाहतो.

धोका निसरडेपणापेक्षा पकड अचानक परत येण्यात जास्त आहे. आवार सगळीकडे सारखे ओले नसते. गोदामाच्या पुढे आलेल्या पत्र्याखाली कोरडा पट्टा राहतो. आडवी घसरत असलेली गाडी अशा पट्ट्यावर आली की पुढची चाके ज्या दिशेला धरलेली असतील तिकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर, ती एकदम झेप घेते. म्हणून बाहेरच्या अंगाला, तिथून कितीही छान दिसत असले तरी, उभे राहू नका. आतल्या अंगालाही नको, कारण चालकाचा अंदाज चुकला की गाडी गरकन फिरून तिकडे येऊ शकते. ट्रक भरायचा उंच ओटा वळणापासून लांब असेल, तर त्यासारखी जागा नाही. आणखी एक, सतत झड असली की जमिनीवरचे तेल धुऊन जाते. दोन-चार दिवस उघाड पडून पुन्हा सर आली, तर तिची पहिली काही मिनिटे सर्वांत वाईट.

स्विफ्टचा जोर पुढच्या चाकांवर असतो. हँडब्रेक ओढून तिचा मागचा भाग फिरेल आणि गाडी थांबेल, त्याला ड्रिफ्ट म्हणत नाहीत. खासगी मोटारीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात, ते कलम बहिणीला वाचून दाखवा.

चाळीसगावची ताई:
गॅरेजवाल्या दादांशी मी सहमत आहे, कारण मागच्या पावसाळ्यात अशाच एका कार्यक्रमात मी बाहेरच्या अंगालाच उभी होते. प्रेक्षकांची हद्द चुन्याच्या फक्कीने आखलेली होती. पहिल्याच सरीत ती धुऊन गेली आणि आम्ही सगळे नकळत चार-पाच पावले पुढे सरकलो. एक जिप्सी माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली, तिच्या बोनेटवरून निघणारी वाफ माझ्या चष्म्यावर बसली. कठड्याऐवजी नुसती दोरी किंवा फक्की असेल, तर तिकीट काढले असले तरी परत या. छत्री नेऊ नका, मागच्यांना दिसत नाही आणि वाऱ्याने ती आत उडाली तर आणखी घोळ, रेनकोट न्या. गाडी शेतात लावायला सांगतील, तरी लावू नका. काळ्या मातीत चाक रुतले की ट्रॅक्टर शोधत फिरावे लागते, आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या टायरांचा तोच चिखल आवारात येऊन काँक्रीट आणखी निसरडे होते.

अमळनेरचा वकील:
आयोजकांकडे पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका आणि अग्निशामक सिलिंडर आहे का, हे आधी फोनवर विचारावे; उत्तर द्यायला का कू केले तर जाऊ नये. जपानमधल्या घाटरस्त्यांवर हा खेळ रुजला, हे कळल्यापासून आपली मुले परतताना कन्नड घाटाकडे गाडी वळवायची भाषा करतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार पहिल्या गुन्ह्यालाच 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धुळेकर मामा:
सर्वांचे आभार. फोन केला, परवानगी आणि रुग्णवाहिका आहे म्हणतात, कठड्याबद्दल मात्र "बघू" म्हणाले. त्यामुळे आधी मी एकटा जाऊन ओटा पाहून येतो, मग ठरवू. स्विफ्टचा हट्ट भाच्याने सोडला आहे. आता तो जुनी ओम्नी स्वस्तात कुठे मिळेल हे विचारतो आहे; त्याचे उत्तर कृपया इथे कोणी देऊ नये.